आधी फाइल की आधी सराव? अभिरूप शिखर परिषदेच्या तयारीचे दोन मार्ग

गोव्यातील उच्च माध्यमिक विद्यालयांतून मुले ‘एमयूएन’ (मॉडेल युनायटेड नेशन्स) नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिरूप परिषदांना जातात, जिथे प्रत्येक मूल एकेका देशाचा प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करते, आणि विषय एखाद्या प्रादेशिक संघर्षाचा असला की मार्गदर्शक शिक्षकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाती असलेले पाच-सहा आठवडे कशावर खर्च करायचे याचा. एक मार्ग फाइलचा आहे: वाट्याला आलेल्या देशाचा अभ्यास करून भूमिकापत्र लिहायचे आणि मग बोलायला शिकायचे. दुसरा सरावाचा: पहिल्याच आठवड्यात मुलांना टेबलाभोवती बसवून वाटाघाटी करायला लावायच्या आणि वाचन त्यामागून येऊ द्यायचे. मी दोन्ही मार्गांनी मुले पाठवली आहेत.

फाइलच्या मार्गाचे बळ तपशिलात आहे. वरच्या अंगाचा इथिओपिया आणि खालच्या अंगाचे सुदान व इजिप्त यांच्यातील नाईलच्या पाण्याचा वाद घेतला, तर इजिप्तच्या प्रतिनिधीला 1959 च्या कराराने वर्षाला इजिप्तला 55.5 अब्ज घनमीटर व सुदानला 18.5 अब्ज घनमीटर पाणी दिले हे पाठ हवे, आणि त्या करारात इथिओपिया पक्षकारच नव्हता हेही ठाऊक हवे. नाहीतर ‘ज्यावर आमची सही नाही, तो करार आम्हाला का दाखवता?’ या एका वाक्याने त्याची बाजू कोसळते. हा अभ्यास एकट्याने, पणजीच्या पाटो येथील राज्य ग्रंथालयात बसून किंवा घरी मोबाइलवरही होतो, त्याला गट लागत नाही. शिवाय अबोल मुलाला या मार्गात न्याय मिळतो.

पण याच मार्गाने तयार झालेल्या एका मुलीचा प्रसंग मला विसरता येत नाही. तिचे दीड मिनिटाचे भाषण सभागृहातील उत्तम भाषणांपैकी एक होते. त्यानंतर समोरून प्रश्न आला, ‘दुष्काळाच्या वर्षी इथिओपियाने किती पाणी सोडले तर तुमचा देश सही करील?’ ती वेळ संपेपर्यंत फाइलची पाने उलटत राहिली. उत्तर फाइलमध्ये नव्हतेच, कारण ते तिने ठरवायचे होते. तिला हे आधी कोणी सांगितले नव्हते, आणि ती चूक माझी होती.

सरावासाठी गोव्यातील शिक्षकाच्या हाताशी असे एक प्रकरण आहे, जे इतरत्र इतके जवळचे वाटणार नाही: 18 डिसेंबर 1961 रोजी पोर्तुगालच्या तक्रारीवरून सुरक्षा परिषदेत गोव्यावर झालेली चर्चा. तेव्हा परिषदेचे सदस्य अकरा होते आणि ठरावाला सात मते लागत. भारत व पोर्तुगाल यांना बोलण्यापुरते बोलावले होते, मत नव्हते. म्हणजे तेरा खुर्च्या, एक वर्ग पुरतो. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धविराम व भारतीय सैन्याची माघार मागणारा मसुदा आणला. त्याला सात विरुद्ध चार मते पडली आणि सोव्हिएत संघाच्या नकाराधिकाराने तो पडला. सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे तेव्हाचा इजिप्त) यांचा उलट दिशेचा मसुदा चार विरुद्ध सात मतांनी फेटाळला गेला. परिषदेच्या हाती काहीच लागले नाही, आणि दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

दरवर्षी 19 डिसेंबरला झेंडावंदन करणाऱ्या मुलांपैकी कोणालाही पोर्तुगालची खुर्ची नको असते. ती मी वर्गातील सर्वांत अभिमानी मुलाला देतो. बळाचा वापर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेला मान्य नाही हा युक्तिवाद त्याला मनापासून करावा लागतो, आणि समोरच्या भारताला 1960 च्या वसाहतमुक्तीच्या ठरावावर, क्रमांक 1514 वर, उभे राहून उत्तर द्यावे लागते. घरात आजोबांकडून ऐकलेल्या गोष्टीला दुसरी बाजू कशी मांडली गेली, हे त्याला त्या दोन तासांत कळते. आपली नसलेली बाजू पूर्ण वजनाने उचलता येणे हेच या तयारीचे खरे काम आहे, आणि ते वाचून येत नाही असे माझे ठाम मत आहे. (गोवा आणि कर्नाटक यांच्यात वाद असलेल्या म्हादई नदीच्या पाण्यावर कर्नाटकाची बाजू मांडायला लावणे हा याहून कठीण सराव, नाईलचा विषय असेल तर एक बैठक त्यासाठी जरूर ठेवावी.)

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. आपली अनेक मुले प्राथमिक शाळेत मराठी किंवा कोकणी माध्यमात शिकलेली असतात आणि परिषद चालते इंग्रजीत. फाइलचे काम पहिल्या दिवसापासून इंग्रजीत होत असल्याने मुले इतरांची वाक्ये उतरवून काढतात. सरावाची घासाघीस मराठी-कोकणीत होऊ शकते, आणि विचार आधी आपल्या भाषेत पक्का होतो.

सरावाचे दोषही लहान नाहीत. मोठ्या आवाजाची मुले टेबल बळकावतात, तपशील कच्चा राहतो, आणि दहा-बारा मुले शाळा सुटल्यावर दोन तास थांबवणे सत्तरी किंवा पेडण्याच्या आतल्या गावांची बस पकडणाऱ्यांना जमत नाही.

तेव्हा निवड करताना समिती पाहावी. महासभेचे मोठे सभागृह असेल, एकेकाला दोनदाच बोलायची संधी असेल आणि हाताशी तीनच आठवडे असतील, तर फाइल पुरेशी आहे. पंधरा सदस्यांची सुरक्षा परिषद किंवा मोजक्या देशांची शिखर परिषद असेल, जिथे एकेका मताची मनधरणी करावी लागते, तिथे सरावाशिवाय मुले पाठवू नयेत. पाच-सहा आठवडे मिळत असतील तर पहिले दोन सरावाला द्यावेत आणि मग फाइल उघडावी. टेबलावर अडलेल्या मुलाला काय शोधायचे ते ठाऊक असते, म्हणून त्याचे वाचन निम्म्या वेळात होते.

त्या मुलीनंतर मी भूमिकापत्राआधी प्रत्येकाकडून एक पान लिहून घेतो. त्यावर तीन रकाने असतात: कधीच सोडणार नाही, मोबदला मिळाल्यास सोडू, आणि आजच देऊ शकतो. ते पान फाइल बंद ठेवून, मराठीत किंवा कोकणीत, स्वतःच्या हाताने भरायचे असते. मधला रकाना रिकामा असेल तर मी ते परत देतो.