पंधरा ऑगस्टची फुलं आणि हिरवे झालेले हात

आमच्या टिळकवाडीतल्या कॉलनीत 15 ऑगस्टला ध्वजवंदन, मुलांची गाणी आणि मग शिरा-उप्पीट, एवढंच असतं. 2024 ला मात्र आम्ही बायकांनी ठरवलं, यंदा ताज्या फुलांनी सजवायचं. कारणही तसंच होतं. 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष झाले ते एकमेव, आणि ते आमच्या टिळकवाडीत. त्याला शंभर वर्षं पुरी व्हायला आली होती. गांधीजींच्या फोटोभोवती तिरंगी फुलांची रांगोळी आणि स्टेजला झेंडूच्या माळा, असा बेत ठरला. वर्गणी 40 घरांची, खजिनदार मी.

ओळखीतून एकाचा नंबर मिळाला. माणूस घरी आला, टपोरा झेंडू आणि पांढरी शेवंती दाखवून गेला. "वैनी, काय काळजी करू नका की. चौदाला रात्री माल आणून टाकतो, सकाळी बघा कसा ताजा राहतोय." झेंडू, पांढरी शेवंती, हिरवी शेवंती, गुलाबाच्या पाकळ्या मिळून साडेअकरा हजार झाले. 8,000 मी तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. पैसे गेले त्या खात्यावरचं नाव त्याच्या कार्डावरच्या नावापेक्षा वेगळं होतं. मला ते दिसलं होतं, तरी मी विचारलं नाही. बिल मागितलं तर डायरीचं पान फाडून त्यावर आकडे लिहून दिले.

14 च्या रात्री साडेअकराला भर पावसात टेम्पो आला. पोत्याचं तोंड उघडून वरची फुलं दाखवली, "अजून दोन ठिकाणी टाकायचंय वैनी" म्हणत उरलेले पैसे घेतले आणि तो गेला.

आम्ही पोती हॉलमध्ये उघडली. वरचा वीतभर थर ताजा. त्याखाली हात घातला तर फुलं गरम लागली. ढिगात कोंडून कुजायला लागलेलं फूल असं गरम लागतं, हे मला त्या रात्री कळलं. झेंडूची देठाकडची हिरवी वाटी तपकिरी पडलेली, दाबली की बोट आत जायचं. वजनासाठी पाणीही भरपूर मारलेलं. वर्तमानपत्रावर ओतलं तर कागद भिजून लगदा झाला. पाच किलोचं म्हणून दिलेलं पोतं सकाळी किराणा दुकानाच्या काट्यावर साडेतीन किलो भरलं.

सगळ्यात वाईट ती हिरवी शेवंती. पाकळ्या सोडवायला बसलेल्या मुलींचे हात दहा मिनिटांत मनगटापर्यंत हिरवे झाले. एक फूल मधोमध फाडून पाहिलं, आतून पांढरं. जुनी पांढरी शेवंती रंगात बुडवून दिली होती.

आमच्या कॉलनीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार काका आहेत. झेंडा तेच बांधतात. पाकळ्यांची पिशवी त्यांनी उघडून हुंगली आणि बाजूला ठेवली. "हे झेंड्यात जाणार नाही." ध्वजसंहितेप्रमाणे झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या बांधायला हरकत नसते, पण ओल्या कुजक्या पाकळ्यांचा डाग झेंड्यावर पडला असता. आणखी एक गोष्ट त्यांच्यामुळे कळली. त्या माणसाने खांबाच्या टोकाला हार घालायचे 1,200 वेगळे लावले होते. झेंड्याच्या खांबावर किंवा त्याच्या वर हार-फुलं घालायला 2002 च्या ध्वजसंहितेत मनाई आहे. तुम्हालाही कुणी असं 'पॅकेज' देत असेल तर घेऊ नका.

रात्रीच फोन लावला. "पावसात माल असाच येतोय की वैनी, मी काय करू?" एवढंच बोलला. नंतर उचललाच नाही.

असं का झालं ते फुलबाजारातल्या एका मावशींनी पुढे उलगडून सांगितलं. 16 ऑगस्टला शुक्रवारी वरमहालक्ष्मीची पूजा होती. त्या सणाला कर्नाटकात शेवंतीला सोन्याचा भाव येतो. आमच्या पैशांवर उचललेला ताजा माल त्याने चढ्या दराने दुसरीकडे दिला असणार, आणि आमच्या पोत्यात आदल्या बाजारचा उरलेला भरला. सण लागून असला की आगाऊ पैसे थोडेच द्यायचे आणि माल पूर्ण ओतून, तळापर्यंत पाहिल्याशिवाय बाकी द्यायचे नाहीत, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. पाऊस असो, रात्र असो, पोतं वर्तमानपत्रावर पालथं करायलाच लावा.

पहाटे पाचला घराघरांतून फुलं आली. परड्यांत तगर आणि अनंत, कुणाची केसासाठी आणलेली अबोली, कुंडीतला मरवा. रांगोळी ठरल्याच्या निम्मी झाली, पण फोटोभोवती तीनही रंग बसले.

ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करताना पहिल्यांदा बिल विचारलं. माझ्याकडे डायरीचं पान होतं, त्यावर दुकानाचं नावही नाही. पैसे आजवर आलेले नाहीत. वार्षिक सभेत मी तो खर्च 'फुलं' म्हणून दाखवला नाही. साडेअकरा हजारांपुढे 'फसवणूक' असं लिहिलं आणि 40 घरांसमोर तसंच वाचलं.