पीएनपीएम, आठ महिन्यांनंतर: जागा वाचली, पण किती ते वाचा

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्री बिल्ड ‘ईएनओएसपीसी’ म्हणत आडवं झालं. डिस्क फुल. लॉपटॉपला २५६ जीबीची एसएसडी, क्लायंटचे अकरा प्रोजेक्ट आणि प्रत्येकात नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजांचं, तेच ते गाठोडं. नवी एसएसडी परवडत नाही असं नाही, पण फुकटात भागत असेल तर खिशात हात कशाला घाला? म्हणून ही पॅकेज उतरवणारं नेहमीचं एनपीएम सोडलं आणि तेच काम करणारं पीएनपीएम घेतलं. पॅकेज एका सामाईक स्टोअरमध्ये एकदाच ठेवायचं आणि प्रोजेक्टांत नुसत्या हार्ड लिंक, म्हणजे प्रत न करता त्याच फाइलला दिलेलं दुसरं नाव, एवढं ऐकूनच मी खूश.

अकराच्या अकरा प्रोजेक्ट हलवले. मोकळी जागा तेवढीच, उलट सी ड्राइव्ह भरला! ‘याच्या नादी लागू नकोस,’ असं मी एका मित्राला सांगूनही टाकलं. ते आता मागे घेतो.

चूक माझीच निघाली. दुकानदाराने एकाच डिस्कचे सी आणि डी करून दिलेले. कुणाच्या तरी एनपीएमआरसी या सेटिंगच्या फाइलीतून उचललेल्या एका ओळीने स्टोअर गेलं सीवर, प्रोजेक्ट मात्र डीवर. हार्ड लिंक एका पार्टिशनवरून दुसऱ्यावर जात नाही, मग पीएनपीएम मुकाट कॉपी करतं. मुकाट तरी कसं म्हणू? इन्स्टॉल होताना ‘पॅकेजेस आर कॉपीड’ असं लिहून येत होतं, तिथे ‘हार्ड लिंक्ड’ हवं होतं. तीन महिने ती ओळ डोळ्यांसमोरून गेली.

ओळ काढली, स्टोअर आपोआप डीवर आलं. तरी प्रॉपर्टीजमध्ये फोल्डरचा आकार जैसे थे! पुन्हा डोकं फिरलं. एक्सप्लोरर प्रत्येक लिंक पूर्ण फाइल म्हणून मोजतो. ड्राइव्हची मोकळी जागा बघायची, फोल्डरचा आकार नाही.

बाकी त्रास म्हणाल तर, एका प्रोजेक्टात ‘बॉडी-पार्सर’ हे पॅकेज ‘पॅकेज.जेसन’ या यादीच्या फाइलीत न लिहिताच वापरलं होतं. एनपीएममध्ये ते ‘एक्सप्रेस’ या दुसऱ्या पॅकेजसोबत वर येऊन पडायचं, म्हणून चालून जायचं. इथे सरळ ‘मॉड्यूल सापडत नाही’. चिडलो, पण तक्रार रास्त होती.

पीएनपीएमच्या दहाव्या आवृत्तीपासून डिपेंडन्सींच्या, म्हणजे आपण वापरतो त्या पॅकेजांच्या, इन्स्टॉल स्क्रिप्ट परवानगीशिवाय चालतच नाहीत. बीक्रिप्ट हे पॅकेज त्यामुळे अडलं, ‘अप्रूव्ह-बिल्ड्स’ ही कमांड चालवून मोकळं केलं. तेव्हा हे सरकारी काम वाटलं होतं. सप्टेंबरात चॉक आणि डीबग या पॅकेजांच्या विषारी आवृत्त्या एनपीएमवर आल्या, त्याच महिन्यात पोस्टइन्स्टॉलमधून, म्हणजे अशाच एका इन्स्टॉल स्क्रिप्टमधून, लॉगिनची टोकन चोरणारा ‘शाई-हुलुद’ व्हायरस पसरला, आणि माझी कुरकुर बंद झाली. पीएनपीएम १०.१६ मध्ये आलेलं ‘मिनिममरिलीजएज’ हे सेटिंग लगेच १४४० वर ठेवलं. हा आकडा मिनिटांत असतो, म्हणजे एक दिवस जुनी न झालेली आवृत्ती घ्यायचीच नाही.

दिवसाला दीड जीबी डेटावर हॉटस्पॉट लावून काम करणाऱ्यांनी तर घ्याच. एकदा उतरलेलं पॅकेज दुसऱ्या प्रोजेक्टासाठी पुन्हा उतरत नाही.

आणि वाचलेली जागा? साडेसहा जीबी. परवा डाउनलोड्स फोल्डर रिकामा केला, तर चौदा निघाली.