एकसंध लेआऊट की सुटी मॉड्यूलं? घरातली रेल्वे पुरी व्हावी म्हणून

घरी छोट्या मॉडेल रेल्वेचा लेआऊट, म्हणजे फळीवर रूळ, स्टेशन, डोंगर यांची मांडणी, करायचं म्हटलं की पहिली अर्धी चर्चा एचओ (१:८७ आकार) की त्याहून लहान एन, डीसी (साधी वीज) की डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा हुकूम देणारी डिजिटल पद्धत), यातच जाते. प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण त्यांची उत्तरं चुकली म्हणून लेआऊट अर्धवट राहिल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. कामाला हात लावायची इच्छा संपली, की लेआऊट अर्धवट राहतो. ही इच्छा टिकणार की नाही, हे माझ्या अनुभवात बरंचसं एका निर्णयावर ठरतं: खोलीभर एकसंध लेआऊट बांधायचा, की बोल्टनं जोडता-सोडता येणारी सुटी मॉड्यूलं करायची.

मी दोन्ही केलं आहे. एकसंध लेआऊट गावच्या घरी माडीवर आहे आणि पुतण्या त्यावर अजून गाड्या चालवतो. मॉड्यूलं पुण्यातल्या फ्लॅटमध्ये आहेत. दोन्हींवर माझा जीव आहे, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते कुणाला नावं ठेवायला नाही.

आधी एकसंधची बाजू, कारण ती भक्कम आहे. माडीवरच्या लेआऊटचा विषय भोर घाट. कर्जतहून मागे ढकलणारी बँकर इंजिनं लावून लोणावळ्याकडे चढणारी गाडी मला घरात हवी होती. खऱ्या घाटाचा चढ ३७ला १. तोच चढ ठेवला तर एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी लागणारी साधारण दहा सेंटिमीटर उंची गाठायला पावणेचार मीटर लांबी लागते, आणि चढ सुरू होताना नि संपताना हळूहळू बदलायला हवा, ती लांबी वेगळी. एलएचबीचा, म्हणजे हल्लीच्या लांब प्रवासी गाड्यांचा, डबा एचओत २७ सेंटिमीटरच्या आसपास जातो. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर त्याची टोकं इतकी बाहेर येतात की बघवत नाही. तीस इंच त्रिज्येचं वळण घेतलं तर नुसता वळसा घालायलाच पाच फुटांहून जास्त रुंदी लागते. म्हणजे घाट हवा, लांब गाडी हवी, ती बोगद्यात शिरून बऱ्याच वेळानं दुसरीकडून बाहेर पडायला हवी, तर खोली द्यावीच लागते. गाडी कुठेतरी निघाली आहे ही भावना मोठ्या लेआऊटवर जशी येते तशी चार फुटी फळीवर येत नाही. शिवाय मांडामांड नाही. दार उघडलं, बटण दाबलं, गाडी सुरू. दमून घरी आलेल्या माणसाला याचं मोल फार असतं.

अडचण आहे ती कामाच्या क्रमात. एकसंध लेआऊटवर आधी सगळी सुतारकी, मग सगळे रूळ, मग सगळी वायरिंग आणि मग कुठे डोंगर-झाडं-स्टेशन. एकाच प्रकारचं काम महिनोन्‌महिने चालतं. सुतारकीची आवड असणाऱ्याला पहिले महिने छान जातात, पण ज्याला कौलारू स्टेशन आणि वडाचं झाड करायचं आहे तो कंटाळतो. फेरी पुरी होईपर्यंत गाडी पुढे जाते, थांबते, मागे येते. पावसाळ्यात प्लाय फुगतो, एखादा जोड वर उचलला जातो, रुळांवर काळपट थर बसतो, आणि मोठ्या लेआऊटवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा घेऊन रूळ पुसणं हेच एक संध्याकाळभराचं काम होऊन बसतं. हे सगळं सहन होतं. मीही केलं.

जे सहन झालं नाही ते म्हणजे फळीच्या खाली जाणं.

लेआऊट नीट दिसावा म्हणून फळी छातीच्या उंचीच्या जवळपास ठेवतात. वरून सुंदर दिसतो, पण त्याची नस न्‌ नस खालून जाते. रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जॉइनरवर विसंबून वीज पुढे जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून दर दोन-तीन फुटांवर रुळाला बारीक वायर सोल्डर करून ती खाली मुख्य वायरीला जोडावी लागते. पॉइंटच्या, म्हणजे गाडीचा रूळ बदलणाऱ्या सांध्याच्या, मोटारी खाली, सिग्नलच्या वायरी खाली. डीसीसी घेतलं की दोन वायरींत काम भागतं असं सांगतात. नियंत्रणापुरतं ते खरं आहे, पण त्या दोन वायरींपर्यंत प्रत्येक रुळाला उतरावंच लागतं. मग चटईवर उताणं पडायचं, चष्मा लावायचा, हात वर धरून सोल्डरिंग करायचं. तापलेला थेंब खालीच पडणार, म्हणून तोंड बाजूला. बॅटरीच्या उजेडात लाल आणि तपकिरी वायर सारखीच दिसते. जोडलं की बाहेर सरपटत यायचं, उठायचं, वर इंजिन ठेवून बघायचं. चाललं नाही तर पुन्हा खाली. वर कुणीतरी उभं राहून ‘आता आलं, आता गेलं’ सांगणारं असेल तर बरं, पण घरातल्या माणसाला रोज तिथे उभं कसं करणार?

एकेक बिघाड तसा किरकोळ असतो. एक सुटलेली वायर, एक अडकलेली पॉइंटची तार. काम दहा मिनिटांचं, पण त्यासाठी खाली जायचं म्हटलं की अख्खी संध्याकाळ बाजूला काढावी लागते. म्हणून आपण म्हणतो, रविवारी बघू. त्या रविवारी पाहुणे येतात. दरम्यान त्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) गाडी नेणं आपण आपोआप टाळू लागतो. मग दुसरी सायडिंग. हळूहळू निम्म्या लेआऊटला वीज नाही आणि आपण उरलेल्या निम्म्यावर गोल-गोल फिरतोय, अशी अवस्था येते. हौशी लोकांचा उत्साह बहुतेक असाच गळतो, असं मला वाटतं. मोठा बिघाड झाला तर माणूस ईर्षेनं दुरुस्त करतो. छोटा, पुढे ढकललेला बिघाड मात्र माणसाला खोलीत जाऊ देत नाही.

मॉड्यूलवर हेच काम कसं होतं बघा. दोन बोल्ट सोडायचे, वायरींचा कनेक्टर काढायचा, फळी उचलून जेवणाच्या टेबलावर मागच्या कडेवर उभी करायची. झाडं-इमारती असल्यामुळे पालथी घालता येत नाही, पण उभी केली की खालची बाजू पुस्तकाच्या पानासारखी समोर येते. खुर्चीत बसून, टेबललॅम्पच्या उजेडात, चहा शेजारी ठेवून सोल्डरिंग होतं. मी घड्याळ लावून कधी मोजलं नाही, पण मॉड्यूलवरचा बिघाड मी ज्या दिवशी दिसतो त्याच दिवशी दुरुस्त करतो. माडीवर तसं कधी होत नसे. मला यापलीकडे दुसरं कारण लागलं नाही.

मॉड्यूलांसाठी विषयही वेगळा घ्यावा असं सुचवेन. भोर घाट चार फुटांत कोंबू नये. मी बार्शी लाइट ही जुनी नॅरोगेज रेल्वे घेतली. अडीच फुटी गेज म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याला ८७नं भागलं तर पावणेनऊच्या आसपास येतात, आणि एन स्केलचा रूळ बरोबर ९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे १:८७च्या माणसांना, बैलगाड्यांना, स्टेशनांना शोभेल अशी नॅरोगेज बाजारात मिळणाऱ्या एनच्या रुळावर चालते. (आपली ब्रॉडगेज एचओच्या १६.५ मिलिमीटर रुळावर चालवतात तेव्हा ती खरं तर अरुंद असते. हिशोबानं १९ मिलिमीटरच्या वर हवी.) बार्शी लाइटचं इंजिन तयार मिळत नाही. एनच्या लहान इंजिनाचं चासी घेऊन वरचा सांगाडा प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून कापावा लागतो. पण तो टेबलावर बसून करायचा उद्योग आहे, आणि त्या गाडीला वळणही लहान चालतं, डबेही आखूड.

या रेल्वेचा इतिहासही मला या कामात धीर देतो. एव्हरार्ड कॅल्थ्रॉपनं १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी एवढाच तुकडा सुरू केला. तो चालायला लागला, मग पंढरपूर, मग लातूर, आणि १९२७ साली मिरज. आधी सगळा मार्ग टाकू आणि मग गाडी सोडू, असं केलं असतं तर किती वर्षं लोकांना गाडी दिसलीच नसती. हॅम्बुर्गचं मीनियातूर वुंडरलांड जगातल्या सर्वांत मोठ्या लेआऊटांपैकी एक. तेही २००१ साली उघडलं तेव्हा आजच्या मानानं लहान होतं. स्वित्झर्लंड २००७ साली जोडलं, इटली २०१६ साली. प्रत्येक टप्प्यावर आधीचा भाग चालू होता आणि लोक बघत होते.

आणि लोकांनी बघणं याला मी फार महत्त्व देतो. पुण्यात कर्वे रस्त्याजवळ भाऊसाहेब जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८पासून आहे. तिथे अंधार करून गावातले दिवे लागतात तेव्हा मुलांचे चेहरे बघावेत. तो लेआऊट एका जागी कायमचा मांडलेला आहे आणि तसाच शोभतो. पण तिथे तो सांभाळणं हे माणसांचं रोजचं काम आहे. घरी आपण एकटे असतो, नोकरीनंतरचा वेळ असतो. आपल्याला बघणारे लोक मिळवायचे तर एक मॉड्यूल उचलून मित्राकडे, सोसायटीच्या गणपतीत किंवा शाळेच्या प्रदर्शनात नेता येतं. चतुर्थीच्या आत फलाट पुरा करायचा आहे, या एका गोष्टीनं माझ्याकडून जेवढं काम करून घेतलं तेवढं दुसऱ्या कशानंही नाही.

मॉड्यूलांचे त्रासही सांगतो. सांधा हे खरं दुखणं. दोन फळ्यांच्या कडेला रूळ केसभरही सरकला तर चाक उतरतं. त्यावर उपाय असा: कडेजवळ पितळी स्क्रू ठोकून रुळाचं टोक त्यालाच सोल्डर करायचं, फळ्या आधी बोल्टनं घट्ट आवळायच्या, आणि मग जोडावर सलग टाकलेला रूळ बारीक करवतीनं कापायचा. एकदा नीट केलं की वर्षानुवर्षं टिकतं, पण ते एकदा नीट करायला संयम लागतो. खडी सांध्यापाशी झडते आणि फेव्हिकॉलच्या पाण्यानं पुन्हा बसवावी लागते. मांडायला वेळ जातो. सगळी मॉड्यूलं एका वेळी लावायची तर दिवाणखान्यातलं फर्निचर हलवावं लागतं, त्याला घरच्यांची राजीखुशी हवी. आणि लांब पळणारी गाडी नाही ती नाहीच.

पण लांब पळणाऱ्या गाडीची जागा भरून काढणारं एक काम आहे, शंटिंग, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून हव्या त्या क्रमानं लावणं. अॅलन राइट या ब्रिटिश हौशी माणसाची इंगलनूक मांडणी मी पहिल्याच मॉड्यूलवर घेतली: तीन सायडिंग, त्यांत पाच, तीन, तीन वाघिणींची जागा, एकूण आठ वाघिणी, आणि त्यांतून चिठ्ठीनं ठरलेल्या क्रमानं पाचांची गाडी लावायची. क्रम ६,७२० होतात. एका फळीवर पहिल्याच टप्प्यात खेळायला इतकं मिळालं की पुढची फळी करायची घाई राहत नाही, आणि घाई नसली की काम चांगलं होतं.

खर्चात दोन्हींत फार फरक पडतो असं म्हणवत नाही. रूळ आणि इंजिनं बाहेरूनच येतात, त्यांच्यावरची ड्यूटी दोघांनाही सारखी. एकसंधमध्ये पैसे एकदम जातात, मॉड्यूलांत हप्त्याहप्त्यानं. बदलीची नोकरी किंवा भाड्याचं घर असेल तर मात्र प्रश्नच नाही. खोलीभर बांधलेला लेआऊट घर सोडताना करवतीनं कापावा लागतो, आणि ते ज्यांनी केलं आहे त्यांच्याशी एकदा बोलून बघा.

तरीही एकसंध कुणी घ्यावा? स्वतःचं घर, बंद होणारी वेगळी खोली, जोडीला एक तरी माणूस, आणि विषय घाटाचा किंवा मेन लाइनचा असेल तर जरूर घ्या. फक्त फळी अशी बांधा की तिचे भाग बिजागरीवर उचलता येतील, म्हणजे निदान बसून तरी वायरिंग होईल. बाकीच्यांनी, माझं ऐकलंत तर, मॉड्यूलं करावीत.

सुरुवातीला ८ बाय ४चा १२ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर (पाणी सोसणारा) प्लाय घ्या. दुकानातच त्याच्या ४ फूट लांब, दीड फूट रुंद अशा पाच फळ्या कापून मिळतात, आणि कडेच्या पट्ट्यांसाठी अर्ध्या फुटाची एक पट्टी उरते. मुख्य वायर दीड एमएमची, रंग दोनच, आणि ते सगळ्या मॉड्यूलांवर एकाच बाजूला. पहिल्या फळीवर सायडिंग, वायरिंग, खडी, झाडं, सगळं पुरं करा. दुसऱ्या फळीची चौकट पहिलीवर गाडी धावल्याशिवाय ठोकू नका.