डबल कॅब पिकअप: आधी आवाज की आधी राखण?

इसुझूची व्ही-क्रॉस घ्या वा टोयोटाची हायलक्स, सीटच्या दोन रांगा आणि मागे उघडा हौदा असलेल्या या पिकअपची लांबी सव्वापाच मीटरच्या पुढे. मुंबईतल्या सोसायट्यांच्या स्टॅक पार्किंगमध्ये अशी गाडी बहुधा मावत नाही आणि रात्री रस्त्यावरच उभी राहते. नव्या गाडीत आधी म्युझिक बसवायचं की चोरीपासून राखण, हा प्रश्न तिथूनच येतो. गाडी रस्त्यावर राहत असेल तर पहिला खर्च सुरक्षेवर करावा, म्युझिक नंतर. आवारात, वॉचमनच्या डोळ्यांसमोर राहत असेल तर खुशाल उलटं करा.

सायरन, ट्रॅकर की स्टार्टर कट

शॉक सेन्सरवाला, म्हणजे हादरा बसला की वाजणारा सायरन सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी. बेस्टची बस जवळून गेली तरी तो बोंबलतो आणि गणपतीत ढोल-ताशांच्या साथीला उतरतो. आठवड्याभरात शेजारी त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, चोरालाही तेच हवं असतं.

जीपीएस ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी कुठे गेली ते सांगतो. तो स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये (गाडी तपासायच्या सॉकेटमध्ये) खोचायचा नसतो, चोराचा हात आधी तिथेच जातो. डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, वर पत्रा येणार नाही असा ठेवावा आणि आतली बॅकअप बॅटरी आहे ना ते विचारून घ्यावं. आतल्या सिमचं रिचार्ज संपलं की ट्रॅकर निकामी होतो.

लपवलेला स्टार्टर कट, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरची वायर गुपचूप तोडणारा स्विच, आमच्या मते पहिल्या नंबरवर. 12 व्होल्टचा पाच पिनांचा 40 अँपियरचा रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि एक गुप्त स्विच, बस्स. तोडायची ती स्टार्टरच्या सोलेनॉइडकडे (त्याला चालू करणाऱ्या भागाकडे) जाणारी बारीक वायर, बॅटरीची जाड केबल नव्हे. मोबाइलवरून चालत्या गाडीचं इंधन तोडणारी जोडणी मात्र नको. चुकून कमांड गेली आणि गाडी फ्रीवेवर असली, तर इंजिनाबरोबर ब्रेकचा व्हॅक्यूम आणि स्टिअरिंगची मदतही जाते. स्टार्टर कट फक्त बंद गाडी पुन्हा सुरू होऊ देत नाही, आणि तेवढं पुरतं.

हौद्याखाली लटकणारी स्टेपनी विसरू नका. तिला साखळी-कुलूप लावायला पाच मिनिटं पुरतात.

सीटखालचा वूफर की लाकडी डबा

पिकअपला डिकी नाही, सगळा पेच इथे आहे. 10 इंची वूफरच्या सीलबंद डब्याला साधारण 20 लिटर जागा लागते. ती मागच्या सीटच्या पाठीतून काढावी लागते आणि आधीच ताठ असलेली पाठ आणखी ताठ होते. मागे कुणी बसतच नसेल तर डबा घ्या, बेस खरोखर छातीत धडकतो. कुटुंब बसणार असेल तर सीटखाली सरकणारा 8 इंची ॲक्टिव्ह (आतच ॲम्प असलेला) वूफर बरा. बेस कमी, पण नीटनेटका. त्याचा धोका पाण्याचा: पावसाळ्यात हिंदमाता किंवा अंधेरी सबवेच्या पाण्यात गाडी घातली तर दाराच्या रबरातून झिरपलेलं पाणी कार्पेटखाली साचतं आणि वूफर नेमका तिथेच. ॲम्प्लिफायर तरी सीटमागच्या भिंतीवर, वर चढवा. सीटखालच्या पिवळ्या कप्लरला (वायरींच्या जोडाला) हात लावू नये, ते एअरबॅगचे असतात.

आणि खरं सांगायचं तर निम्म्या लोकांना वूफर लागतच नाही. दारांना 2 मिमी ब्युटाइल (रबरी) शीटचं डँपिंग, म्हणजे पत्र्याची थरथर दाबणारा थर, आणि 6.5 इंची कंपोनंट (वूफर-ट्वीटर वेगळे असलेले) स्पीकर एवढ्यातच म्युझिकचा आवाज इतका सुधारतो की ओळखू येत नाही. डँपिंग करणारा मुलगा घाईत दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं बुजवतो. पाणी आत साठून पत्रा खालून सडतो. स्पीकर घेण्याआधी काच पूर्ण खाली करून मागच्या मॅग्नेटला किती खोली मिळते ते मोजा.

चार चॅनेलचा, प्रत्येकी 75 वॉट आरएमएसचा (सलग देता येणाऱ्या ताकदीचा) ॲम्प म्हणजे जवळपास 27 अँपियर. त्याला 8 गेजची (जाडीची) शुद्ध तांब्याची वायर आणि 40 अँपियरचा फ्यूज, तोही बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण गरम होते आणि खाऱ्या हवेत तिचं टोक गंजतं. आरसीए केबल (ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवर वायरच्या विरुद्ध बाजूने न्या, नाहीतर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते. अर्थिंग रंग खरवडलेल्या पत्र्यावर, वरून ग्रीस.

विमा आणि बॅटरी

एआरएआय (वाहन-चाचणी संस्था)-मान्य चोरीविरोधी उपकरणावर ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियममध्ये अडीच टक्के सूट, कमाल ₹500. नंतर बसवलेली म्युझिक सिस्टीम मात्र पॉलिसीत नोंदवावी लागते, त्याला किमतीच्या साधारण 4 टक्के जादा प्रीमियम, म्हणजे ₹40,000च्या मालाला वर्षाला ₹1,600. कारखान्याची वायर कापली तर वॉरंटीत वाद होतो. कप्लरवाला हार्नेस (वायर न कापता जोडायचा संच) मागा. सामान दिसू नये म्हणून काळी फिल्म लावू नका, तिच्यावर 2012 पासून सर्वोच्च न्यायालयाची बंदी आहे.

काम उरकल्यावर गाडी ताब्यात घेण्याआधी निगेटिव्ह टर्मिनल काढून मल्टिमीटर 10 अँपियरवर सिरीजमध्ये लावायला सांगा, गाडी लॉक करा आणि अर्धा तास थांबा. आकडा, म्हणजे बंद गाडी बॅटरीतून ओढते तो प्रवाह, 50 मिलिअँपियरच्या आत हवा. पार्किंग मोडवरचा डॅशकॅम 300 खात असेल तर दिवसाला सव्वासात अँपियर-तास जातात. 70 अँपियर-तासाची बॅटरी पाचव्या दिवशी निम्म्यावर येते.