गच्चीवरचं सिमवालं राउटर: रेंज आणतं, गर्दी हटवत नाही

टिनाच्या खोलीत टेबलावर ठेवलेलं सिमवालं राउटर बहुतेक वेळा फसतं, कारण पत्रा सिग्नल आतच येऊ देत नाही. वावरातल्या घराला किंवा सेतू केंद्राला गच्चीवर पाइपाला लावायचं आउटडोअर फोर-जी राउटर जास्त जमतं. अँटेना डब्यातच असतो. खाली येते ती फक्त लॅनची वायर, आणि वीजही तिच्यातूनच वर जाते. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते. याउलट वेगळा अँटेना घेऊन १० मीटर आरजी-५८ ही अँटेनाची पातळ केबल ओढली, तर १८०० मेगाहर्ट्झला सातेक डेसिबल, म्हणजे सिग्नलचा बराचसा भाग, वायरच खाते. अँटेनाची कमाई तिथेच संपली.

दिशा ठरवताना सिग्नलच्या काड्या पाहू नका. राउटरच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी (सिग्नल किती जोराचा) आणि एसआयएनआर (सिग्नल किती स्वच्छ) हे दोन आकडे असतात. डबा थोडा थोडा फिरवा, दर वेळी मिनिटभर थांबा, आकडे लिहून घ्या. आरएसआरपी −११५ वरून −१०० वर आला, तर सिग्नल तीसेक पट वाढला. दोन्हींत ओढाताण असेल तर एसआयएनआरचं ऐका. सागाच्या जंगलाकडे तोंड असेल तर हे काम पावसाळ्यात करा. उन्हाळ्यात पानगळीनंतर दिसणारे आकडे फसवे.

बँड लॉकची, म्हणजे राउटरला ठरावीक पट्ट्यावरच बांधून ठेवायची, सोय नसलेला डबा घेऊच नये. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झचे पट्टे दूरवर पोचतात, पण अरुंद असतात. ५ मेगाहर्ट्झमधून आदर्श स्थितीतही ३७ एमबीपीएसच्या आसपास निघतात, तेही सगळ्या गावात वाटून. २३०० चा पट्टा रुंद, पण दम लवकर सुटतो. शिवाय टॉवर कित्येक वॅटने बोलतो आणि राउटर ०.२ वॅटने. म्हणून खाली येणारा व्हिडिओ चालतो अन् वर पाठवायचा ई-पीक पाहणीचा फोटो अडकतो.

रात्री ८ ते १० ची गर्दी मात्र हा डबा हटवत नाही. सकाळी ६ ला आणि रात्री ९ ला स्पीड मोजा. आरएसआरपी तोच, वेग मात्र पार खाली, तर दोष टॉवरवरच्या गर्दीचा. मग दुसऱ्या कंपनीचं सिम टाकून पाहा. लाइन गेल्यावर टॉवरची बॅटरी बसली, तर तुमच्या इन्व्हर्टरचाही उपयोग नाही.

दोन गोष्टींनी डबे मरतात: सिमच्या झाकणाचं रबर नीट न बसल्याने शिरलेलं पाणी आणि चुकीचा अडॅप्टर. २४ व्होल्टच्या डब्याला ४८ चा लावू नका. वायरीला डब्याखाली झोल द्या, पाइपाला अर्थिंग करा. परवान्याशिवायचा सिग्नल बूस्टर तर घेऊच नका; तो बेकायदा आहे, वर शेजाऱ्याचीही रेंज बिघडवतो.