गावात आरओचं एटीएम बसवावं, की नळाच्या पाण्यालाच नीट टीसीएल टाकावं?

वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे पाणी-स्वच्छतेवरच खर्चायचा पैसा, जमा झाला की ग्रामपंचायतीत पाण्याचा विषय निघतो, आणि हल्ली तो बहुतेक गावांत याच प्रश्नावर येऊन अडतो. चावडीजवळ आरओचं एटीएम बसवायचं, की आहे त्या नळयोजनेची गळती काढून टाकीवर क्लोरिनचा डोसर लावायचा? आरओचं एटीएम म्हणजे पैसे टाकले की बारीक पडद्यातून क्षार गाळून काढलेलं पाणी देणारं यंत्र. टीसीएल म्हणजे पाण्यातले जंतू मारणारी क्लोरिनची ब्लीचिंग पावडर, आणि डोसर म्हणजे क्लोरिन ठरल्या मापाने पाण्यात सोडणारं यंत्र. मी आमच्या गावच्या पाणीपुरवठा समितीत असताना हा पेच आमच्यापुढे होता. आम्ही डोसर घेतला. माझ्या सासुरवाडीला मात्र एटीएम आहे आणि ते बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळे तिथलं पाणीही भरपूर प्यायलोय आणि तिथली गाऱ्हाणीही ऐकलीत.

आधी एक अट सांगतो, कारण ती तुम्हाला लागू पडत असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेतून करून घ्या आणि तीन आकडे बघा. फ्लोराईड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर, नायट्रेट ४५ च्या वर किंवा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) २००० च्या वर असेल, तर टीसीएलचा तिथे उपयोग नाही. क्लोरिन जंतू मारतं, क्षार काढत नाही. यवतमाळचा केळापूरकडचा भाग, नांदेडचं किनवट, चंद्रपूरची काही गावं फ्लोराईडने गांजलेली आहेत. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी तोंडात धरवत नाही. तिथल्या मंडळींनी माझं ऐकून आरओ नाकारू नये. त्यांना एक तर आरओ हवं, नाही तर लांबून आणलेलं धरणाचं पाणी.

मी बोलतोय ते उरलेल्या गावांबद्दल. आमचं गाव बालाघाटच्या उतारावर आहे. पाझर तलावाखाली विहीर, तिथून उंच टाकी, टाकीतून नळ. काळा खडक, पाणी जड. टीडीएस पाचशेच्या वर पण हजाराच्या आत, फ्लोराईड-नायट्रेट मर्यादेत. राज्यातल्या काळ्या खडकातल्या पुष्कळ गावांचा रिपोर्ट साधारण असाच येतो. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा २००० आहे. एटीएम विकणारे पहिला आकडा सांगतात, दुसरा सांगत नाहीत.

आरओचं पाणी चवीला चांगलं लागतं, हे मी नाकारत नाही. चहा वेगळा होतो. सासूबाईंची तुरीची डाळ आमच्या घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या आधी शिजते आणि ते त्या प्रत्येक वेळी ऐकवतात. नळाला माती आली, मोटर जळाली, तरी एटीएमच्या टाकीत दोन-चार तासांचं पाणी असतं. वीस लिटरला पाच रुपये, म्हणजे घरपोच जारपेक्षा कितीतरी स्वस्त. मुतखड्याचं भय घालून जे विकलं जातं त्याबद्दल मी बोलत नाही, मला डॉक्टरकी येत नाही.

पण विकण्याची ती एक तऱ्हा मात्र सांगायलाच हवी, कारण तुमच्याही ग्रामसभेत ती होईल. आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याने टेबलावर दोन ग्लास ठेवले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत धातूच्या कांड्या सोडल्या आणि बटण दाबलं. मिनिटभरात नळाच्या ग्लासात तपकिरी गाळ फेसाळून वर आला, दुसरा ग्लास जसाच्या तसा. बायांनी तोंडाला पदर लावले. हेच पितो आपण, म्हणून कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई उठल्या आणि म्हणाल्या, "दादा, त्या चांगल्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत बटण दाबा." टाकलं. तोही ग्लास तपकिरी झाला. कांडीतलं लोखंड विजेने झिजून पाण्यात उतरतं, त्याचा तो रंग. क्षार असले की वीज वाहते, नसले की वाहत नाही, एवढीच ती जादू. टीडीएस मीटरचंही तसंच. ते क्षार मोजतं, गॅस्ट्रोचे जंतू त्याला दिसत नाहीत. दोनशे टीडीएसच्या पाण्यानेही गाव आजारी पडू शकतं.

आता टीसीएलच्या बाजूची रड. वासाची तक्रार येतेच. "आज पाण्याला औषधाचा वास मारतोय" असं म्हणून अर्धी घागर ओतून देणारे आमच्याकडेही आहेत. सारा कारभार पाणी सोडणाऱ्या एका माणसावर असतो. तो लग्नाला गेला की टीसीएल कालवायची बादली कोरडी. शिवाय नळाचे खड्डे. दाब कमी म्हणून लोक दारात खड्डा करून नळ खाली घेतात, पावसाळ्यात त्यात गटाराचं पाणी साठतं, आणि पुरवठा बंद झाला की तेच पाणी पाईपात ओढलं जातं. त्यावर टीसीएल थोडीफार राखण करतं, पण खड्डे बुजवणं आणि नळांना तोट्या बसवणं याला पर्याय नाही. हे काम कटकटीचं आहे, घरोघर भांडावं लागतं, आणि त्याची फीत कापता येत नाही.

तरीही आम्ही त्याच बाजूला का गेलो? लोकांना वाटतं खर्चामुळे. खर्च होताच. दोन-तीन वर्षांत मेंब्रेन, म्हणजे आरओचा पडदा, बदलावं लागतं, आणि ते बदलायला जिल्ह्याच्या गावाहून कोणी येईपर्यंत शटर खाली असतं, हे सासुरवाडीला पाहिलेलं आहे. आरओच्या मागच्या पाईपातून वाया जाणारं पाणीही डोक्यात होतं. समजा तीनशे घरांनी रोज वीस लिटर नेलं, तर सहा हजार लिटर झालं. यंत्र चांगलं असलं तरी जवळपास तितकंच मागून जातं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने ते शंभरावर माणसांचं दिवसाचं पाणी आहे. पावसाळ्यात कोणी बघत नाही. एप्रिल-मेमध्ये विहीर तळाला गेली आणि टँकरचा प्रस्ताव तहसीलला धाडला, की मग ती धार डोळ्यांत खुपते.

पण मला खरं वैतागवलं ते एका वाक्याने. सासुरवाडीला ते इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी बोलायला तोंड उघडलं की मला ते आधीच ऐकू येतं. "प्यायचं तर फिल्टरचं आहे ना!"

गटाराच्या कडेला पाईप फुटलाय, आठवडा झाला. प्यायचं तर फिल्टरचं आहे ना. टाकी धुतल्याची तारीख टाकीवर रंगवलेली असते, ती पार जुनी झालीय. प्यायचं तर फिल्टरचं आहे ना. टीसीएल संपलंय, मागवलेलं नाही. तेच उत्तर. हे म्हणणारी माणसं वाईट नाहीत, आळशीही नाहीत. गावाने पैसे घालून पिण्याच्या पाण्याची सोय केली आहे, मग नळाचं पाणी हे "वापराचं" ठरलं, आणि वापराच्या पाण्यासाठी कोण जीव काढणार?

मग नळाचं कोण पितं ते बघा. शाळेतली पोरं पितात, कारण मधल्या सुट्टीत पाच रुपये घेऊन कोणी एटीएमवर जात नाही. ऊसतोडीला आलेली माणसं पितात. गुडघे धरलेली एकटी म्हातारी पिते, तिला वीस लिटरचा जार उचलत नाही. ज्यांच्या घरी आरओचा जार आहे तेही त्याच नळाने कोथिंबीर धुतात, चूळ भरतात, लेकराचं तोंड पुसतात. एका पावसाळ्यात मेहुण्याच्या घरी तिघांना जुलाब लागले. कशाने, ते मी सिद्ध करू शकत नाही. उसाचा रसही असेल. पण मी खिशात ओटीची बाटली घेऊनच गेलो होतो. ओटी म्हणजे क्लोरिन तपासायचं औषध, पाण्यात क्लोरिन असेल तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं. नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, पाणी पांढरंच राहिलं. जारच्या पाण्यात टाकले, तेही पांढरं. ते पांढरंच राहणार होतं, कारण आरओच्या पडद्याला क्लोरिन सोसत नाही म्हणून कार्बनचा फिल्टर ते आधीच काढून घेतो. पण म्हणजे त्या घरात क्लोरिन असलेलं पाणी थेंबभरही नव्हतं. यंत्रातून निघताना पाणी शुद्ध असेल, पुढे ते ज्या जारमध्ये दोन दिवस बसतं त्याच्या तळाशी हिरवट बुळबुळीत थर होता, हात घालून बघितला तेव्हा लागला.

आमच्या समितीत हा मुद्दा मांडला तेव्हा एक जण म्हणाला, दोन्ही करू. कागदावर ते सगळ्यात चांगलं आहे. माझा अनुभव असा की दोन्ही केलेल्या गावात वर्षभरात एकच उरतं, आणि उरतं ते एटीएम. तुमच्या गावची माणसं वेगळी असतील, मी पैज लावणार नाही. मात्र स्वच्छता सर्वेक्षणात ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देताना विहिरीभोवतीची घाण, पाईपाची गळती आणि टीसीएलचा साठा बघतात. एटीएमवर हिरवं कार्ड मिळत नाही.

आम्ही काय करतो ते थोडक्यात. डोसर बंद असेल त्या दिवशी हाताने टाकतो. चांगल्या टीसीएलचं माप हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे पन्नास हजार लिटरच्या टाकीला सव्वाशे ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागतं. पावडर थेट टाकीत भिरकावायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून ढवळायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत सोडायची. गाळासकट ओतलं की नळातून पांढरे कण येतात आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव दारात असतं. मग अर्धा तास थांबून व्हॉल्व्ह उघडायचा. ओटी टाकीखाली नाही, शेवटच्या घरच्या नळाला घ्यायची. तिथे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरिनचा पिवळेपणा दिसला तर काम झालं. थेंब टाकल्याबरोबर बघायचं. पंधरा मिनिटांनी बघितलं तर रंग वाढलेला दिसतो आणि फुकटचं समाधान होतं. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं प्रशिक्षण देतात, त्यांतल्या दोघी आमच्याकडे ही ओटी घेतात. पाणी सोडणाऱ्याने स्वतःच घेतलेल्या ओटीवर माझा फारसा भरवसा नाही, माणूस चांगला असला तरी.

वास पहिले काही आठवडे खटकतो, मग सवय होते. घागर भरून उघडी ठेवली तर तासा-दोन तासांत बराच उडतो. डाळीचं मात्र काही करता येत नाही, आमच्याकडे ती अजूनही दोन शिट्ट्या जास्त घेते.

एवढं ऐकूनही गावाचा कल एटीएमकडे असेल तर खुशाल घ्या, पण ठराव करताना त्याच ठरावात टीसीएलची खरेदी आणि शेवटच्या नळाची ओटी लिहून घ्या. चालवायला बचत गटाला द्या. मागच्या पाईपाचं पाणी गटारात न सोडता भांडी-धुण्याच्या हौदात घ्या. देखभालीच्या करारात मेकॅनिक किती दिवसांत येईल ते लिहा, "लवकरात लवकर" नको.

आणि डोसर घेणार असाल तर दोन गोष्टी. टीसीएल वर्षाचं एकदम घेऊ नका. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरिन असतं, उघड्या पोत्यात दमट हवेने आणि उन्हाने ते उतरत जातं, आणि वीसच्या खाली आलेली पावडर टाकून फक्त चुना कालवल्याचं पुण्य मिळतं. दुसरं, कोटेशन मागताना डोसरच्या पंपातला जादा डायफ्राम (लवचीक पडदा) आणि पाईपात औषध सोडणारी ती छोटी नळी आधीच मागून घ्या. जड पाण्यात तीच आधी चुन्याने चोक होते, आणि तालुक्याच्या दुकानात ती मिळत नाही.