सात महिन्यांनंतर: दिव्याचा दांडा घसरला तेव्हा रोपांनी काय केले

घरात पाण्यावर सुगंधी रोपे वाढवण्याची ही पेटी मी गेले सात महिने सलग वापरत आहे. टाकी, पंप, टायमर आणि वरचा एलईडी दिवा यांची माहिती सर्वत्र उपलब्ध असल्यामुळे ती येथे पुन्हा देत नाही. पहिले तीन महिने मी पूर्ण समाधानी होते. चौथ्या महिन्यात मी दोन दिवस घराबाहेर असताना दिव्याचा दांडा आपोआप खाली घसरला, आणि रोज सोळा तास चालणारा दिवा रोपांच्या शेंड्यांना जवळजवळ टेकून जळत राहिला. परत आले तेव्हा बेसिलच्या दोन्ही रोपांची वरची पाने कागदासारखी पांढरी पडली होती, पुदिन्याचे शेंडे काळवंडले होते आणि चाइव्हच्या (कांद्याच्या कुळातील बारीक पातीचे रोप) पातींची टोके तपकिरी झाली होती. उंचीने कमी असलेली कोथिंबीर आणि पार्स्ली तेवढी बरीचशी वाचली होती.

दोष कुठे होता हे शोधायला वेळ लागला नाही. एवढा जड दिवा तोलून धरणारा स्क्रू प्लास्टिकचा आहे. दिवा वर-खाली करताना तो दर वेळी सैल करून पुन्हा आवळावा लागतो, त्यामुळे त्याचे आटे झिजतात. रोपे वाढवण्याच्या यंत्रात रोपांच्या वाढीबरोबर उंची बदलावीच लागणार, हे बनवणाऱ्यांना ठाऊक असलेच पाहिजे. सेवा केंद्राचे उत्तर असे होते की स्क्रूची झीज वापरामुळे झाली असल्याने ती वॉरंटीत बसत नाही, आणि रोपे वाया गेली आहेत म्हणून बियांच्या नव्या कुप्या घ्याव्यात. पहिल्या मुद्द्यावर मी तीन वेळा लेखी तक्रार केली. दुसरा सल्ला मी मानला नाही, कारण हिरवे खोड आणि पांढरी, निरोगी मुळे असलेले रोप फेकून देणे मला पटत नाही.

पुढचे तीन महिने मी जे पाहिले, त्यामुळे या पेटीबद्दलचे माझे मत दोनदा बदलले.

पहिली गोष्ट म्हणजे करपलेले पान भरून येत नाही. आपल्या त्वचेवरची जखम भरते तशी पानाची भरत नाही. मेलेल्या पेशींच्या शेजारच्या पेशी आपल्या भिंती जाड करून कड बंद करतात आणि पाणी निसटणे थांबवतात, तेवढेच. पानातील पेशींचे विभाजन पान लहान असतानाच जवळजवळ संपते आणि नंतर मुख्यतः आहेत त्याच पेशी फुगून मोठ्या होतात. त्यामुळे कोवळ्या पानाला झालेली इजा पानाबरोबर वाढते. बेसिलच्या एका कोवळ्या पानावर टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र पडले होते. पान पूर्ण वाढले तेव्हा त्यातून बोट आत जाईल एवढे ते मोठे झाले. दुसऱ्या एका पानाची एकच कड जळली होती. निरोगी बाजू वाढत राहिली आणि पान जळलेल्या बाजूकडे कोयत्यासारखे वळले. अशी वाकडी पाने पाहून मी आधी पोषणद्रव्याच्या बाटलीला दोष दिला होता आणि तसे तक्रारीतही लिहिले होते. ती तक्रार चुकीची होती, आणि ती मी मागे घेतली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. रोपाचे भवितव्य पानांवर कमी आणि कळ्यांवर जास्त ठरते. बेसिल आणि पुदिना या दोघांच्याही प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन पाने असतात आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एक झोपलेली कळी असते. शेंडा शाबूत असतो तोवर त्यात तयार होणारे ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक खाली उतरत राहते आणि या कळ्या दबलेल्या राहतात. शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन लावले तर कळ्या तशाच दबून राहतात, हे थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये बाकला (ब्रॉड बीन) या शेंगवर्गीय रोपावर दाखवले होते. माझ्या पेटीत दिव्याने शेंडे जाळून छाटणीचेच काम केले होते. आठव्या दिवशी पुदिन्याच्या जवळजवळ प्रत्येक पेरातून हिरवे ठिपके निघाले, आणि बुडातूनही नवे फुटवे वर आले.

बेसिलच्या बाबतीत मात्र माहितीपुस्तिकेने माझे नुकसान केले. ‘करपलेले पान दिसताच देठासह काढावे’ असे तिच्यात ठळक अक्षरांत छापले आहे. एका बेसिलवर मी ते तंतोतंत पाळले आणि रोप जवळजवळ उघडे केले. दुसऱ्यावरची अर्धी हिरवी पाने काढण्यास माझा हात धजला नाही, म्हणून ती राहू दिली. ज्याची पाने राहिली, त्याच्या बेचक्यांतील फुटवे आठ दिवस आधी आले आणि अधिक जाड होते. दोन रोपांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मी जाणून आहे. पण कारण समजण्यासारखे आहे. वाटाण्याच्या रोपांवरील २०१४ च्या एका संशोधनात असे दिसले की शेंडा गेल्यावर त्याच्या वाट्याची साखर वेगाने खालच्या कळ्यांकडे वळते आणि कळी जागी होण्याचा पहिला इशारा ऑक्झिनच्या घटीपेक्षा या साखरेतून मिळतो. साखर बनवते ते हिरवे पान. म्हणजे अर्धे जळलेले पानही उरलेल्या अर्ध्या भागातून कळीला पोसत असते, आणि पुस्तिका नेमके तेच काढायला सांगते. पूर्ण वाळलेले किंवा बुरशी आलेले पान काढणे योग्यच आहे. पण सरसकट सूचना देणे चूक आहे.

एकाच पेटीत वेगवेगळ्या रोपांना एकच नियम लावता येत नाही, हेही यातून कळले. चाइव्हची पात बुडातून वाढते. तिचे तपकिरी टोक तसेच राहिले आणि खालून नवा हिरवा भाग त्याला वर ढकलत गेला. टोक कापले तरी पात वाढतच राहिली. पार्स्लीची नवी पाने मधल्या गाभ्यातून येतात, म्हणून बाहेरची दोन-तीन पाने गेली तरी तिला फरक पडला नाही. कोथिंबिरीचा गाभाही असाच बुडाशी असतो, पण दिवस लांबला आणि उष्णता वाढली की ती लवकर फुलोऱ्याकडे वळते. सोळा तासांच्या प्रकाशात तिने पाचव्या महिन्यात मधला दांडा काढला आणि त्यानंतर पाने बारीक होत गेली. टायमर सर्व रोपांना एकच असल्यामुळे यावर पेटीत उपाय नाही.

इजेची बातमी रोपाच्या इतर भागांपर्यंत पोहोचते, हे मला फार सुंदर वाटते. २०१८ मध्ये अराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातील लहान रोपावर शास्त्रज्ञांनी दाखवले की पान कापल्या जागी ग्लुटामेट हे अमिनो आम्ल बाहेर पडते, त्यातून कॅल्शियमची लाट सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर वेगाने पसरते, आणि काही मिनिटांत दूरच्या पानांत जास्मोनिक आम्ल या वनस्पती-संप्रेरकाशी निगडित संरक्षणाची तयारी सुरू होते. या तयारीसाठी वाढ थोडी मंदावते. पानांना वारंवार, थोडीथोडी इजा करणे म्हणूनच टाळावे. एकदाच, पेराच्या थोडे वर, धारदार कात्रीने कापणे रोपाला सोपे जाते. पेटीसोबत येणारी कात्री देठ कापण्याऐवजी चेपते, त्यामुळे ती मी वापरत नाही.

आज पेटीला पाचपैकी तीन गुण देत आहे. पंप, टाकी आणि प्रकाशाची प्रत उत्तम आहे. एक गुण पुस्तिकेसाठी आणि एक पूर्ण गुण त्या स्क्रूसाठी वजा केला आहे. दांड्यावर, स्क्रूच्या लगेच खाली, मी नळीला लावतात तशी धातूची क्लिप आवळली आहे, आणि तेव्हापासून दिवा एक बोटही खाली आलेला नाही. ज्यांच्याकडे हीच पेटी आहे त्यांनी पहिल्याच दिवशी अशी क्लिप लावावी. ज्या बेसिलची पाने मी राहू दिली होती, त्यावर आज सकाळी अकरा फांद्या मोजल्या.